डोंगरातील दोन दिवसांचा ताळेबंद

बँकेच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाने डोंगरातील धावण्याच्या शर्यतीविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. मी स्वतः धावत नाही. गुडघ्यांनी निवृत्ती माझ्या आधीच घेतली. परंतु काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मुलीकडे राहण्याचा योग आला. तेव्हा ती आणि जावई अशा एका शर्यतीची तयारी करीत होते, आणि ती तयारी पाहता पाहता मी त्या विषयात ओढला गेलो. पुढे एका पावसाळी शनिवारी जो अनुभव आला, त्याने तरतूद, जोखीम आणि ताळमेळ या शब्दांचे अर्थ मला नव्याने शिकवले. हे तिन्ही शब्द मी कर्जाच्या फायलींवर हजारो वेळा लिहिले होते.

आपल्या घरांतील मुले-मुली आता मॅरेथॉन धावतात, सह्याद्रीत फिरतात, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेल्यावर तिथल्या डोंगरांत जातात. त्यांना थांबवावे असे मला वाटत नाही. मात्र त्यांना निरोप देताना आपण कोणते प्रश्न विचारावेत, हे आपल्याला ठाऊक असावे. या लेखाचे प्रयोजन एवढेच.

ही शर्यत असते तरी कशी?

ब्रिटनमधील अशा दोन दिवसांच्या शर्यतींत सर्वांत नावाजलेली शर्यत १९६८ साली जेरी चार्नली यांनी सुरू केली. पाठीवरच्या सॅक बनविणाऱ्या कॅरीमोर या कंपनीच्या नावाने ती अनेक वर्षे ओळखली जाई. पुढे तिचे नाव ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ झाले. दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, ब्रिटनमधील निरनिराळ्या डोंगराळ भागांत ती भरते. तिच्या धर्तीवर आज अशा अनेक लहानमोठ्या शर्यती होतात.

‘मॅरेथॉन’ हा शब्द येथे केवळ नावापुरता. बेचाळीस किलोमीटरचा डांबरी रस्ता नाही, दुतर्फा टाळ्या वाजविणारी माणसे नाहीत, पाण्याचे पेले घेऊन उभे राहिलेले स्वयंसेवक नाहीत. वाटही आखून दिलेली नसते. दोघांची जोडी असते. हाती एक नकाशा येतो, त्यावर काही ठिकाणे खुणा करून दाखविलेली असतात, आणि होकायंत्राच्या साह्याने ती शोधीत जायचे असते. काही गटांत ठिकाणे ठरलेल्या क्रमानेच गाठावी लागतात. काही गटांत प्रत्येक ठिकाणाला गुण असतात आणि ठरलेल्या तासांत जेवढी जमतील तेवढी गाठायची असतात. उशीर झाला की गुण कापले जातात. पहिल्या दिवसाच्या शेवटी कुठल्यातरी दरीतील माळावर मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर ओलांडून परत.

मुख्य नियम असा की, तंबू, अंथरूण-पांघरूण, कपडे, अन्न, स्टोव्ह, इंधन हे दोन दिवसांसाठी लागणारे सारे स्वतःच्या पाठीवर वाहून न्यायचे. मुक्कामाच्या जागी पाणी आणि शौचालय एवढीच सोय. कोणाकडून काही घ्यायचे नाही.

आणि ऋतू तो कोणता? उत्तर इंग्लंडमधील ऑक्टोबरची अखेर, म्हणजे पाऊस, वारा आणि लवकर मावळणारा दिवस. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागे घेतात. शर्यतीची रात्र बहुधा तीच येते. त्यामुळे तंबूतील काळोख आधीच लांबलचक, त्यात घड्याळानेही एका तासाची भर घातलेली.

दिवाणखान्यातील तपासणी

शर्यतीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, मुलीने दिवाणखान्यातील गालिच्यावर सारे सामान मांडले. हातात आयोजकांनी दिलेली छापील यादी होती. मी सोफ्यावर बसून पाहत होतो. मला आमच्या शाखेतील लेखापरीक्षणाचा दिवस आठवला.

यादीत सूचना नव्हत्या, अटी होत्या. प्रत्येकी एक जलरोधक जाकीट. त्याला टोपी हवी आणि शिवणीवर आतून पट्टी चिकटविलेली हवी, कारण पाणी कापडातून नव्हे तर सुईच्या भोकांतून आत शिरते. तशीच विजार. अंगातील कपड्यांखेरीज कोरड्या उबदार कपड्यांचा एक जोड. कानटोपी, हातमोजे. डोक्याला बांधायची विजेरी आणि तिचे सेल. शिट्टी, होकायंत्र, प्रथमोपचाराचे साहित्य. स्लीपिंग बॅग. दोघांत एक तंबू, एक छोटा गॅसचा स्टोव्ह, आणि इंधन एवढे की शर्यत संपल्यावरही थोडे शिल्लक राहावे. दोन दिवसांचे अन्न, आणि त्याहून वेगळे, हात न लावायचे असे आणीबाणीचे अन्न. शिवाय ‘सर्व्हायव्हल बॅग’ नावाची एक जाड प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात माणूस आपादमस्तक शिरू शकतो. वारा आणि पाऊस यांपासून बचावाचा तो शेवटचा उपाय.

‘इंधन शिल्लक राहिले पाहिजे’ आणि ‘आणीबाणीच्या अन्नाला हात लावायचा नाही’ या दोन अटी मला फार आवडल्या. आपल्याकडे जुने व्यापारी गल्ल्यातील एक कप्पा कधीच मोडीत नसत. बँकेत आम्ही त्याला राखीव निधी म्हणत असू. ज्याचा उपयोग होऊ नये अशीच इच्छा असते, तरी ज्याच्यावाचून धंद्याला उभे राहता येत नाही, असा तो पैसा.

अन्नाची बाजू माझ्या पत्नीने इकडूनच सांभाळली होती. तिकडे मिळणाऱ्या तयार पाकिटांत बहुधा कांदा-लसूण किंवा आणखी काही निघते. म्हणून सुकामेव्याचे लाडू, गूळपापडी आणि खाकरे येथूनच माझ्याबरोबर गेले होते. मुलीने मुगाची खिचडी शिजवून, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून तिच्या पुड्या बांधल्या. गरम पाणी ओतले की दहा मिनिटांत जेवण तयार. गूळपापडीचे वजन कमी, शक्ती जास्त, आणि थंडीत ती दगडासारखी कडक होत नाही, हे तिने आधीच्या दोन सरावफेऱ्यांत ताडून पाहिले होते.

वजन हाच खरा तंट्याचा विषय. सॅक जड झाली की चढावर पाय उचलत नाहीत, आणि हलकी करावी तर काय काढावे? जावयांनी दातांच्या ब्रशाची मूठ अर्धी कापलेली पाहून मला हसू आले. स्वयंपाकघरातील तराजूवर प्रत्येक वस्तू ठेवून ते वहीत आकडे मांडीत होते. मुलीची सॅक सहा किलो चारशे ग्रॅम भरली, त्यांची सात किलोला थोडी कमी. शेवटी प्रश्न राहिला एका जाड लोकरी स्वेटरचा. त्यांच्याकडे एक पातळ, हलके जॅकेट होते. यादीतील अट त्यानेही पूर्ण होत होती. स्वेटर घेतला तर सुमारे तीनशे ग्रॅम अधिक.

मी जावयांची बाजू घेतली. “यादीत जेवढे मागितले आहे तेवढे आहे ना? मग जास्तीचे ओझे कशाला?” असे मी म्हणालो. नियमाची किमान पूर्तता म्हणजेच सुरक्षितता, असे मानण्याची सवय काही अधिकाऱ्यांना असते. मीही त्यांच्यातलाच एक.

मुलगी काही बोलली नाही. तो स्वेटर तिने घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि स्वतःच्या सॅकमध्ये तळाशी ठेवला.

ओली थंडी

आपण महाराष्ट्रातील माणसे थंडी म्हणजे बर्फ असे समजतो. त्या मुक्कामात मी जे वाचले त्यावरून कळले की, कोरड्या बर्फापेक्षा शून्याच्या थोडे वर असलेले तापमान, पाऊस आणि वारा हे त्रिकूट अधिक फसवे असते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. दरीत आठ अंश असतील तर सातशे मीटर वर साडेतीन. त्यात वारा. आणि कपडे भिजले की खेळ पालटतो, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती कापड तर पाणी शोषून अंगालाच चिकटून बसते.

याची किंमत ब्रिटनने मोजली आहे. मार्च १९६४ मध्ये डर्बीशायरच्या पठारी डोंगरांत ‘फोर इन्स’ नावाची स्काउट तरुणांची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होती. पाऊस आणि वारा यांनी गाठले आणि तीन तरुण दगावले. तापमान गोठणबिंदूच्या वरच होते. ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञांनी त्या मृत्यूंचा अभ्यास केला. १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायू, पाणी आणि आहार यांचा शास्त्रीय विचार करणारे हेच ते प्यू. भिजलेल्या कपड्यांतून वारा वाहू लागला की त्यांची ऊब धरण्याची शक्ती फार थोडी उरते, आणि थकलेला माणूस चालण्याचा वेग राखू शकला नाही की शरीरात तयार होणारी उष्णताही घटते, हे त्यांनी दाखवून दिले. दमणूक आणि थंडी ही दोन देणी एकाच वेळी वसुलीला येतात.

शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. त्याची चिन्हे घरातील प्रत्येकाने पाठ करावीत. आधी जोराची थरथर, मग बोटांनी चेन किंवा गाठ न सुटणे, अडखळत चालणे, जिभेचा जडपणा, चिडचिड किंवा गप्प होणे, सोप्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर. सर्वांत वाईट म्हणजे, ज्याला हे होते त्याला स्वतःला ते कळत नाही. बुडत्या खात्याचा मालकही शेवटपर्यंत ‘पुढच्या महिन्यात सारे ठीक होईल’ असेच सांगत असतो! म्हणूनच या शर्यतीत जोडी असते. एकाने दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचे.

बॉरोडेल, ऑक्टोबर २००८

आता या शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला दिवस. २५ ऑक्टोबर २००८, शनिवार. लेक डिस्ट्रिक्टमधील बॉरोडेल दरीत सीथवेट येथून शर्यत सुरू झाली. सीथवेट हे इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाचे वस्तीचे ठिकाण मानले जाते. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इंग्लंडचे सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक, उंची ९७८ मीटर, तेथून जवळच. आपल्या कळसूबाईपुढे ही उंची थोडकीच, पण हवामान अगदी निराळे.

त्या दिवशी वादळाचा अंदाज होताच. सुमारे अडीच हजार स्पर्धक डोंगरात गेले आणि वारा-पाऊस एवढा वाढला की दुपारी शर्यत थांबवावी लागली. ओढ्यांना पूर आले, दरीतला रस्ता पाण्याखाली गेला, शेतात लावलेल्या मोटारी बुडाल्या. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर बातमी झळकली की, सुमारे सतराशे माणसांचा पत्ता नाही. ती ऐकून किती घरांतील चूल थंड राहिली असेल!

प्रत्यक्षात काय घडले? शेकडो स्पर्धकांनी वाटेतील शेतांच्या कोठारांत, तर कित्येकांनी होनिस्टर खिंडीतील पाटीच्या दगडाच्या खाणीच्या इमारतीत आसरा घेतला. अनेकांनी आडोसा पाहून स्वतःचे तंबू ठोकले, स्टोव्ह पेटवला, कोरडे कपडे चढविले आणि स्लीपिंग बॅगमध्ये शिरून रात्र काढली. काहींना रुग्णालयात न्यावे लागले. रविवारी सर्वांचा हिशेब लागला. एकही मनुष्य दगावला नाही.

शर्यत सुरूच करायला नको होती, अशी टीका तेव्हा झाली. बचाव पथकांवर आणि स्थानिक लोकांवर पडलेला ताण पाहता ती गैर म्हणता येणार नाही. आयोजक आणि अनेक स्पर्धक यांचे म्हणणे असे की, आम्ही हरवलो नव्हतो, रात्र काढण्याची साधने आमच्या पाठीवर होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझे लक्ष मात्र त्या ‘सतराशे’ आकड्याने वेधले. हिशेबात ज्या नोंदीचा मेळ लागत नाही, ती आपण उचंत खात्यात टाकतो. उचंतातील रक्कम बुडालेली नसते, तिची जागा निश्चित झालेली नसते इतकेच. परंतु जोवर ती निश्चित होत नाही, तोवर कोणालाही झोप नाही.

दुसरी बाजू: चीन, मे २०२१

वाटेल त्या वादळात माणसे सुखरूप परततात, असा समज कोणी करून घेऊ नये. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, बाइयिन शहराजवळ, पीत नदीकाठच्या डोंगरांत शंभर किलोमीटरची शर्यत झाली. १७२ धावपटू होते. दुपारी गारा, बर्फासारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. २१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत चीनचा एक अव्वल धावपटूही होता. बहुतेकांच्या अंगावर उन्हाळी कपडे होते. वारारोधक जाकीट त्या शर्यतीच्या सक्तीच्या यादीत नव्हते, ते केवळ ‘जवळ असावे’ अशा सूचनेत होते. चढाचा तो भाग असा, की तेथे वाहन पोहोचत नव्हते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन, शेकोटी करून वाचविले.

दोन्ही घटनांतील भूगोल वेगळा, शर्यतीचे प्रकार वेगळे, त्यामुळे सारे श्रेय किंवा सारा दोष एका जाकिटाला देणे योग्य नाही. तरीही ‘सक्ती’ आणि ‘सूचना’ या दोन शब्दांमधील अंतर मला येथे स्पष्ट दिसले. कर्ज देताना विमा ‘घ्यावा’ असे लिहिलेले आणि ‘घेतलाच पाहिजे’ असे लिहिलेले, यांतील फरक दुकानाला आग लागते त्या दिवशी कळतो.

तो शनिवार

आता आमच्या घरची गोष्ट. शर्यत लेक डिस्ट्रिक्टमधलीच होती, आकाराने लहान. मी हौसेने दोघांबरोबर गेलो. सकाळी साडेआठला रिमझिम पावसात दोघे निघाले आणि दहा मिनिटांत ढगांत दिसेनासे झाले. मी शेतातील मोठ्या तंबूत, आयोजकांच्या टेबलाशेजारी, खुर्ची घेऊन बसलो. दुपारी बारानंतर वाऱ्याने तंबूचे कापड फडफडू लागले. पाऊस आडवा येत होता.

टेबलावरील बाईंनी माझी ओळख करून घेतली, चहा दिला आणि आपली पद्धत समजावून सांगितली. फळ्यावर तीन रकाने होते. पहिल्यात मुक्कामाच्या माळावर पोहोचलेल्या जोड्या. ती बातमी बिनतारी यंत्रावरून येई. दुसऱ्यात शर्यत सोडून येथे परतलेल्या जोड्या. शर्यत सोडली तरी आयोजकांकडे येऊन नोंद करणे सक्तीचे असते. परस्पर घरी निघून गेलेल्या माणसासाठी बचाव पथक रात्रभर डोंगर पालथा घालील. आणि तिसरा रकाना, शिल्लक. पहिले दोन मिळवून एकूण संख्येतून वजा केले की उरतात ते.

चार वाजता मुलीची जोडी तिसऱ्या रकान्यात होती. पाच वाजता तिथे अकरा जोड्या उरल्या, त्यांत ती होती. दरीत मोबाइलला संपर्क नव्हता. सहाच्या सुमारास पाच जोड्या. बाहेर अंधार पडला.

शेतकऱ्याच्या घरातील फोनवरून मी मुलीच्या घरी पत्नीला फोन केला. “इथे रेंज नाही, बाकी सारे ठीक,” असे खोटे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “कॅश कमी भरली की तुमचा असाच आवाज व्हायचा.” मी फोन ठेवला.

नोकरीत असताना एकदा रोकड जुळेना म्हणून आम्ही रात्री अकरापर्यंत शाखेत थांबलो होतो. तेव्हा फरक सव्वाशे रुपयांचा होता. त्या शनिवारी फळ्यापुढे उभा असताना मला त्या रात्रीची आठवण झाली आणि लाजही वाटली. गुरुवारी मी कोणत्या वस्तूला ‘जास्तीचे ओझे’ म्हटले होते, ते मला नेमके आठवत होते.

पावणेसात वाजता तंबूचा पडदा उघडला. आधी मुलगी आत आली, तिच्यामागे जावई. त्यांच्या अंगावर, जाकिटाच्या आत, तो जाड लोकरी स्वेटर होता.

घडले ते असे. दुपारी दीडच्या सुमारास एका उघड्या धारेवर जावई बोलेनासे झाले. मुलीने होकायंत्राची दिशा विचारली, तर त्यांनी भलतेच सांगितले. हातमोजा काढून चेन उघडायला गेले, बोटे वळेनात. “मला काही झालेले नाही, चल पुढे,” एवढेच ते म्हणत राहिले. पुढचे ठिकाण अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर होते. तिने त्यांचा दंड धरून धारेच्या आडोशाला नेले, एका मोठ्या खडकामागे कसाबसा तंबू उभा केला, त्यांचे ओले कपडे उतरविले, सुके आतले कपडे आणि स्वेटर घातला, त्यांना स्लीपिंग बॅगमध्ये शिरविले. ओल्या जमिनीवर नव्हे, रिकाम्या सॅकवर आणि त्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर बसविले. तोंडाशी उबदार गोड पाणी, मग गूळपापडी. हात-पाय चोळायचे नाहीत, हे तिला ठाऊक होते. तासाभरात थरथर सुरू झाली. थरथर परतणे हे चांगले लक्षण. आणखी काही वेळाने ते स्वतःहून म्हणाले, “पाणी थोडे अजून गोड हवे होते.” तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

मग दोघांनी नकाशा पाहिला. मुक्कामाचा माळ दोन खिंडींपलीकडे होता. परतीची वाट लांबची, पण खाली उतरणारी, वाऱ्याच्या आडोशाची. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा सांगितला आहे. दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. दहा किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ म्हणजे सुमारे तीन तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा. आजारी जोडीदार, पूर आलेले ओढे आणि अंधार यांची भर टाकली की उत्तर स्वच्छ होते. ते उतरले. वाटेतील एका फुगलेल्या ओढ्याला वळसा घालून, पूल सापडेपर्यंत चालले. म्हणून उशीर झाला.

टेबलाशी जाऊन मुलीने जोडीचा क्रमांक सांगितला. बाईंनी तिसऱ्या रकान्यातून तो पुसून दुसऱ्यात लिहिला. मग मुलगी माझ्याकडे वळली. शर्यत मध्येच सोडण्याला तिकडे ‘रिटायर’ होणे म्हणतात. ती म्हणाली, “पप्पा, आम्हीपण रिटायर झालो.”

मला काही उत्तर सुचले नाही. जावई मात्र माझ्यासमोर उभे राहून स्वेटरच्या बाहीकडे पाहत म्हणाले, “पप्पा, तीनशे ग्रॅम.”

त्या रात्री उरलेल्या जोड्याही एकेक करून परतल्या. शेवटची जोडी नऊच्या पुढे आली. शिल्लक रकाना कोरा झाल्यावरच त्या बाईंनी खडू खाली ठेवला. त्या कोणत्याही बँकेत उत्तम अधिकारी झाल्या असत्या.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी

आपल्या मुलांची शर्यत कदाचित साताऱ्याच्या घाटात असेल, भटकंती हरिश्चंद्रगडावर असेल. आपल्याकडे तापमान एवढे उतरत नाही. पण पावसाळ्यात माथ्यावर वारा, धुके आणि भिजलेले सुती कपडे एकत्र आले की सह्याद्रीतही माणूस गारठतो, वाट चुकतो. म्हणून निरोप देताना “कितवा नंबर काढणार?” याऐवजी चार प्रश्न विचारावेत. कोरडा कपडा प्लॅस्टिकमध्ये बांधून घेतला आहे का? विजेरी आणि शिट्टी आहे का? बरोबर कोण आहे, आणि तो तुझ्याकडे लक्ष देईल असा आहे का? आणि किती वाजेपर्यंत परत आला नाहीस तर आम्ही कोणाला कळवायचे?

परत फिरलेल्या मुलाला ‘मग एवढा खर्च कशाला केलास’ असे तर कधीही म्हणू नये. सौदा वेळीच सोडणाऱ्या व्यापाऱ्याला आपण हुशार म्हणतो. डोंगरातून वेळीच उतरणाऱ्याला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

पुढच्या वर्षी ते दोघे पुन्हा त्याच शर्यतीला गेले. मी तेव्हा येथे घरी होतो. रविवारी संध्याकाळी, आपल्याकडे जेवणे होऊन गेल्यावर, फोन आला. क्रमांक यादीत बराच खाली होता. तो मी विचारला नाही, तिनेच हसत सांगितला. सामानाच्या यादीत जावयांनी पहिल्या ओळीवर काय लिहिले होते, तेही सांगितले. मग म्हणाली, “पप्पा, दोन्ही दिवसांची टॅली झाली. आता झोपा.”